लगोरीचा डाव मोडू नये म्हणून : लहानथोरांच्या एकत्र खेळाची क्रमवार तयारी

सुट्टीत नातेवाईक जमले की किंवा सोसायटीत मुलांचा मेळावा ठरला की लगोरीचे नाव हमखास निघते. एका गटाने एकावर एक रचलेल्या सात ठिकऱ्या, म्हणजे सपाट तुकडे, चेंडूने पाडून पुन्हा रचायच्या आणि दुसऱ्या, म्हणजे टिपणाऱ्या, गटाने रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करायचे, असा हा खेळ. कोणीतरी कंपाउंडच्या कडेचे सात दगड गोळा करतो, कोणाच्या तरी घरातून चेंडू येतो, पाच मिनिटांत खेळ सुरू होतो आणि विसाव्या मिनिटाला ‘हा बाद की नाही’ यावरून डाव मोडतो. लगोरी सगळ्यांना येते, हीच खरी अडचण आहे, कारण प्रत्येकाला आपापल्या गावची लगोरी येते. एकाच्या वाडीत चेंडू लागलेला एकटा गडी बाद होत असे, तर दुसऱ्याच्या गल्लीत एकाला चेंडू लागला की अख्खा डाव जात असे. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

मी गेली काही वर्षे आमच्या वसाहतीत आणि घरच्या संमेलनांत हा खेळ घेत आलो आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की लगोरीतले बहुतेक तंटे आणि बहुतेक दुखापती खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेल्या असतात, मैदान घाईने आखल्यामुळे, ठिकऱ्या चुकीच्या निवडल्यामुळे किंवा नियम न बोलल्यामुळे. पुढील क्रम १४ ते २० खेळाडूंसाठी, साधारण पाच वर्षांच्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंतच्या मिश्र गटासाठी आणि दीड तासाच्या खेळासाठी लिहिला आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १ : जागा पाहणे

खेळाच्या तीन-चार दिवस आधी, आणि ज्या वेळी खेळायचे आहे त्याच वेळी, जागेवर जाऊन उभे राहावे. सकाळी मोकळी दिसणारी जागा संध्याकाळी गाड्यांनी भरलेली असते आणि दुपारी स्वच्छ वाटणाऱ्या कोपऱ्यात संध्याकाळी अंधार पडतो. १६ ते १८ जणांसाठी सुमारे २० मीटर लांब आणि १४ मीटर रुंद जागा पुरते. याहून लहान जागा असेल तर खेळाडू कमी करून दोन तुकड्या आळीपाळीने खेळवाव्यात. जागा लहान आणि खेळाडू तेवढेच, असे केल्यास डोक्याला डोके आपटणार हे गृहीत धरावे.

मातीची किंवा आखूड गवताची जमीन उत्तम. सिमेंटवर किंवा पेव्हर ब्लॉकवर खेळणे अगदीच टाळता येत नसेल तर बूट सक्तीचे करावेत आणि रचणाऱ्यांना गुडघे टेकू देऊ नयेत. मैदानाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावी. संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून येते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर नेम धरणारा किंवा त्याच्या समोर झेल घेणारा, या दोघांपैकी एकाच्या डोळ्यांवर ऊन येतेच. उत्तर-दक्षिण मैदानात ते दोघांच्याही बाजूला राहते.

त्यानंतर सर्व जागा पायी फिरून पाहावी. काचेचे तुकडे, वर आलेली मुळे, नळाची तोटी, गटाराचे हलणारे झाकण, झाडाला बांधलेली कपड्यांची दोरी, आणि गवतात दडलेले सराटे यांकडे विशेष लक्ष द्यावे. सराट्याचा काटा पातळ तळव्याच्या चपलेतूनही पायात जातो. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत भिंतीलगतच्या फरशीवर शेवाळ असते. ती पट्टी मैदानात धरूच नये.

वेळ ठरवताना उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत संपेल असा किंवा संध्याकाळी पाचनंतर सुरू होईल असा खेळ ठेवावा. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारलाच सुरुवात करावी. अंधुक प्रकाशात चेंडू दिसत नाही आणि तोंडावर लागतो.

तपासणी : मैदानाच्या मध्यभागी उभे राहून चारही दिशांना पाहावे. हद्दीच्या बाहेर किमान दोन मीटरपर्यंत भिंत, खांब, उभी गाडी किंवा पायरी असू नये. धावणारे मूल रेषेवर थांबत नाही, ते रेषेच्या पुढे जाऊन थांबते.

टप्पा २ : ठिकऱ्या आणि चेंडू

या टप्प्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. मिळतील ते सात दगड घेतले तर दोनपैकी एक गोष्ट घडते. दगड गोलसर असतील तर रचना उभीच राहत नाही आणि रचणारा गट दर वेळी हरतो, किंवा ते फार मोठे आणि जड असतील तर चेंडूने हलत नाहीत आणि कोणाच्या तरी पायावर पडतात.

ठिकऱ्या सपाट असाव्यात, जाडी सुमारे दोन सेंटिमीटर असावी आणि आकार खालून वर क्रमाने लहान होत जावा. शहाबादी फरशीचे तुकडे किंवा जुन्या कौलांच्या ठिकऱ्या चालतात, मात्र त्यांच्या कडा खरखरीत दगडावर किंवा पाट्यावर घासून बोथट करून घ्याव्या लागतात. चकचकीत टाइलचे तुकडे कधीही वापरू नयेत, कारण त्यांची तुटलेली कड सुरीसारखी धारदार असते आणि चेंडूच्या प्रत्येक माऱ्याने नवी कड तयार होते.

मिश्र वयाच्या गटासाठी मी लाकडी ठिकऱ्या सुचवेन. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा ६० × ३५ सेंटिमीटरचा तुकडा सुताराकडे बहुधा उरलेल्या मालात मिळतो. त्यातून १८, १६, १४, १२, १०, ८ आणि ६ सेंटिमीटर बाजूचे सात चौकोन कापून घ्यावेत, कोपरे गोल करावेत आणि सर्व कडांना पॉलिशपेपर मारावा. गोल चकत्या दिसायला सुंदर असतात, पण सुताराचा वेळ घेतात, आणि खेळात चौकोनाने काहीही बिघडत नाही. सात ठिकऱ्या रचल्यावर उंची साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास होते. ती फारच कमी वाटल्यास खाली एक साधी वीट आडवी ठेवावी आणि ती ठिकऱ्यांत मोजू नये.

चेंडूबाबत नियम सोपा आहे : जो चेंडू आपल्या स्वतःच्या पाठीवर पाच मीटरवरून बसलेला चालेल तोच मुलांच्या खेळात आणावा. साधा टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो आणि दहा वर्षांपुढील मुलांना तो योग्य आहे. गल्ली क्रिकेटसाठी मिळणारा जड टेनिस चेंडू आणि भरीव रबरी चेंडू दोन्ही टाळावेत. सीझन चेंडूचा तर विचारही करू नये. दहा वर्षांखालील मुले खेळणार असतील तर चिंध्यांचा चेंडू करावा : दोन जुन्या सुती मोज्यांमध्ये चिंध्या घट्ट भरून, वरून सुतळीऐवजी जाड दोऱ्याने आडवे-उभे टाके घालावेत. सुतळीची गाठ अंगावर ओरखडा काढते. असा चेंडू फार उसळत नाही, त्यामुळे तो आणायला दूर धावावे लागत नाही आणि डाव अधिक वेगाने चालतो. चेंडू दोन ठेवावेत, कारण ओला झालेला कापडी चेंडू दुप्पट जड वाटतो आणि तो बदलावा लागतो.

तपासणी : ठिकऱ्या जमिनीवर रचून आठ-दहा वर्षांच्या मुलाला तीन मीटरवरून नेम धरायला सांगावे. दहा चेंडूंपैकी दोन-तीन वेळा लगोरी फुटली तर ठिकऱ्या योग्य आहेत. एकदाही फुटली नाही तर वीट खाली घालून उंची वाढवावी. दर वेळी फुटत असेल तर फेकीची रेषा मागे न्यावी.

टप्पा ३ : मैदान आखणे

आखणीसाठी मैदानावरची पांढरी फक्की किंवा रांगोळी वापरावी. कळीचा चुना वापरू नये. धावताना तो उडतो आणि डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. दोरी जमिनीवर ताणून हद्द दाखवण्याचा मोहही टाळावा. एका वर्षी मी वेळ वाचावा म्हणून सुतळी आणि खिळे वापरले होते, आणि पहिल्याच डावात एक मुलगी सुतळीत पाय अडकून हातावर पडली. त्या दिवसापासून जमिनीपासून वर असलेली कोणतीही खूण मी मैदानात ठेवत नाही. विटा आणि दगडही नकोत.

आधी एक लांब बाजू आखावी. दुसरी बाजू काटकोनात येण्यासाठी गवंडी वापरतात तीच रीत वापरावी : कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ मीटरवर आणि दुसऱ्या बाजूवर ४ मीटरवर खूण करावी, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दुसरी बाजू सरकवावी. हे अनावश्यक वाटेल, पण तिरक्या हद्दीमुळे एका गटाला पळायला जास्त जागा मिळते आणि ती गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

मैदानाच्या मध्यभागी लगोरीची जागा ठरवावी आणि तिच्याभोवती दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. हे वर्तुळ पुढे अत्यंत महत्त्वाचे ठरणार आहे. त्यानंतर लांबीच्या एकाच बाजूला लगोरीपासून ३, ४ आणि ५ मीटरवर फेकीच्या तीन रेषा आखाव्यात : पहिली आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरी तेरापर्यंतच्या मुलांसाठी, तिसरी त्याहून मोठ्यांसाठी. हद्दीबाहेर सावलीच्या बाजूला पाणी, बाद झालेल्यांची बैठक आणि वस्तू ठेवण्याची जागा ठरवावी.

टप्पा ४ : गट पाडणे

दोन म्होरके उभे करून त्यांना एकेक गडी निवडायला सांगणे ही सर्वत्र रूढ झालेली आणि माझ्या मते मुलांवर अन्याय करणारी पद्धत आहे. जे मूल हळू धावते ते दर वेळी शेवटी उरते, सगळ्यांसमोर उरते, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच त्याचे मन खेळातून निघून जाते. त्याऐवजी जोड्या पाडण्याची जुनी रीत वापरावी. सारख्या वयाची आणि साधारण सारख्या ताकदीची दोन-दोन मुले एकत्र करावीत. प्रत्येक जोडीने बाजूला जाऊन आपापसांत दोन नावे ठरवावीत, जसे आंबा आणि फणस, आणि म्होरक्यांपुढे येऊन ‘आंबा हवा की फणस?’ असे विचारावे. म्होरक्याने नाव निवडले की त्या नावाचा गडी त्याच्याकडे जातो. दोन्ही गट आपोआप तुल्यबळ होतात आणि कोणीही नाकारले जात नाही. पहिले नाव निवडण्याचा मान दोन म्होरक्यांनी आळीपाळीने घ्यावा.

मोठ्या माणसांच्याही जोड्या अशाच पाडाव्यात : मावशीसमोर काकू, आजोबांसमोर आजोबा. संख्या विषम झाल्यास उरलेल्या एका मोठ्या माणसाला पंच करावे. पंच असलाच पाहिजे. खेळणारा माणूस स्वतःच पंच असेल तर त्याचा बरोबर निर्णयही पक्षपाती वाटतो.

लिंबूटिंबूंचा प्रश्न येथेच सोडवावा. सहा वर्षांखालच्या मुलांना ‘तू लिंबूटिंबू’ म्हणून नुसते मैदानात सोडून देतात. ती गोंधळून इकडेतिकडे पळतात, कोणाच्या तरी पायात येतात, आणि दहा मिनिटांत रडू लागतात, कारण आपल्याला खेळात घेतलेले नाही हे त्यांना कळते. प्रत्येक गटात एक किंवा दोन लिंबूटिंबू घ्यावेत आणि त्यांना एकच खरे काम द्यावे : सातवी, म्हणजे सर्वांत वरची ठिकरी लिंबूटिंबूनेच ठेवायची. त्याला चेंडू मारायचा नाही, पण त्याने ठिकरी ठेवल्याशिवाय लगोरी पूर्ण होत नाही. या एका नियमाने त्या मुलाला वर्तुळात आणणे ही साऱ्या गटाची गरज बनते, आणि खेळाला एक नवी रंगत येते.

सावधान : लिंबूटिंबूने फेकीच्या वेळी पंचाजवळच उभे राहावे. लगोरी फुटल्यानंतर आणि सहा ठिकऱ्या रचल्यानंतर पंचाने त्याला वर्तुळात सोडावे.

टप्पा ५ : चेंडू हातात येण्याआधी नियम

चेंडू पंचाजवळ ठेवून सर्वांना गोलात बसवावे आणि पुढील नियम मोठ्याने सांगावेत. एकदा चेंडू मुलांच्या हातात गेला की कोणी ऐकत नाही, हा अनुभव प्रत्येकाला असेल. कोणी ‘आमच्याकडे असे नसते’ म्हटले तर ते शांतपणे ऐकून घ्यावे, बदल करायचा असेल तर आत्ताच करावा, आणि त्यानंतर खेळ संपेपर्यंत नियम बदलू नये.

पहिला नियम फेकीचा. रचणाऱ्या गटातील प्रत्येकाला तीन चेंडू मिळतील. तीनांत लगोरी फुटली नाही तर त्याच गटातला पुढचा गडी येईल. सलग तिघांना फोडता आली नाही तर डाव दुसऱ्या गटाकडे जाईल. किमान तीन ठिकऱ्या पडल्या तरच लगोरी फुटली असे मानावे. केवळ वरची एक ठिकरी पडली आणि ती उचलून ठेवली, यात खेळ काहीच होत नाही. कमी पडल्या तर लगोरी पुन्हा रचावी आणि तो चेंडू वापरला गेला असे धरावे.

दुसरा नियम झेलाचा. फेकलेला चेंडू एक टप्पा पडून टिपणाऱ्या गटाने झेलला आणि लगोरी फुटलेली नसेल, तर फेकणारा बाद. लगोरी फुटली असेल तर झेलाला अर्थ नाही. वादाची सर्वांत मोठी जागा हीच आहे, म्हणून हे वाक्य दोनदा सांगावे.

तिसरा नियम मारण्याचा. चेंडू कमरेखालीच मारायचा. कमरेच्या वर लागला तर गडी बाद होत नाही. मानेवर किंवा डोक्यावर लागला तर मारणाऱ्यानेच पुढच्या डावापर्यंत बाहेर बसायचे. हेतू काय होता हे पंचाने विचारू नये. हेतूची चौकशी सुरू झाली की नियम संपतो. मोठ्यांनी मुलांना मारताना खालून आणि उलट्या हाताने, म्हणजे उजवा वापरणाऱ्याने डाव्या हाताने, चेंडू टाकावा.

चौथा नियम धावण्याचा, आणि तो मी कोणत्याही परिस्थितीत सोडत नाही : ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने धावायचे नाही. त्याने जागेवरून मारायचे किंवा आपल्या गड्याकडे द्यायचे. हा नियम नसेल तर गटातला सर्वांत चपळ मुलगा चेंडू घेऊन एकेकाचा पाठलाग करतो, अगदी दोन फुटांवरून पूर्ण ताकदीने मारतो, आणि बाकीचे सात जण उभे राहून पाहतात. नियम ठेवला की चेंडू हातोहात फिरतो आणि नेम नसलेल्या मुलालाही काम मिळते.

पाचवा नियम वर्तुळाचा. लगोरी फुटल्यानंतर टिपणाऱ्या गटाने दीड मीटरच्या वर्तुळात पाय ठेवायचा नाही आणि ठिकऱ्यांना हात लावायचा नाही. चेंडू आत गेला तर तो पंच बाहेर देईल. वाकलेल्या मुलाच्या डोक्यावर दुसरे मूल धडकणे हा या खेळातला सर्वांत वाईट अपघात आहे आणि वर्तुळ त्यासाठीच आहे.

सहावा नियम बाद होण्याचा. ज्याला चेंडू लागला तो एकटाच त्या डावापुरता बाहेर जाईल. ‘एक बाद म्हणजे डाव गेला’ ही पद्धत मोठ्यांच्या चुरशीच्या खेळात शोभते, पण मिश्र गटात तिचा परिणाम ठरलेला असतो : टिपणारे सर्वांत हळू धावणाऱ्यालाच हेरतात आणि मग हरल्याचा दोष त्याच्या माथी येतो.

सातवा नियम वेळेचा. लगोरी फुटल्यापासून दोन मिनिटांत ती रचली गेली पाहिजे. पंच मोबाइलवर वेळ लावेल. रचना पूर्ण झाल्यावर ‘लगोरी’ असे ओरडायचे आणि पंचाने तीन अंक मोजेपर्यंत ती उभी राहिली पाहिजे. तसे झाले तर रचणाऱ्यांना एक गुण, नाहीतर टिपणाऱ्यांना एक गुण. रचता रचता ढासळली तर पुन्हा रचायची मुभा आहे.

टाइमप्लीज फक्त सुटलेली नाडी, लागणे आणि डोळ्यांत धूळ जाणे या तीन कारणांसाठी. चेंडू अंगावर येताना टाइमप्लीज म्हणणे ही रडी आहे, आणि तसे पहिल्याच वेळी सर्वांदेखत सांगून टाकावे.

तपासणी : सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाला विचारावे, ‘हातात चेंडू असताना काय करायचे नाही?’ आणि ‘कुठे मारायचे?’ त्याला सांगता आले तर सर्वांना कळले आहे.

टप्पा ६ : अंग मोकळे करणे आणि कोरडा डाव

मुले थेट गाडीतून किंवा टीव्हीसमोरून उठून आलेली असतात. त्यांना लगेच वेगाने वळायला लावले तर घोटा मुरगळतो. पाच-सात मिनिटे विषामृत खेळवावे. ज्याच्यावर राज्य आहे त्याने स्पर्श केला की ‘विष’, म्हणजे जागच्या जागी थांबायचे, आणि मोकळ्या गड्याने स्पर्श केला की ‘अमृत’, म्हणजे पुन्हा पळायचे. हा खेळ लगोरीच्याच हद्दीत घ्यावा. त्यामुळे अंग गरम होते आणि हद्द कुठे आहे ते पायांना कळते.

याच वेळी बांगड्या, साखळ्या, घड्याळे आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायला सांगाव्यात. ओढणी कमरेला घट्ट बांधावी. चष्मा लावणाऱ्या मुलांना मागून इलॅस्टिकची पट्टी लावावी. चपला घालून कोणालाही धावू देऊ नये. बूट नसतील तर स्वच्छ मातीवर अनवाणी खेळलेले बरे.

त्यानंतर एक कोरडा डाव घ्यावा. त्यात कोणीही धावायचे नाही, सगळे चालतील आणि चेंडू मारण्याऐवजी हळूच पायावर टाकतील. गुण मोजायचे नाहीत. तीन मिनिटांचा हा डाव बहुतेक आयोजक वेळ वाया जातो म्हणून गाळतात, आणि मग पहिले तीन खरे डाव तंट्यात घालवतात. कोऱ्या पाटीसारखी असलेली शहरातली मुले आणि परदेशातून सुट्टीला आलेली भावंडे यांना हा खेळ शब्दांतून कळत नाही. एकदा चालून पाहिला की लगेच कळतो.

टप्पा ७ : खरे डाव

नाणेफेक करून पहिला गट ठरवावा. टिपणाऱ्या गटाने आपली माणसे आधीच वाटून घ्यावीत : फेकणाऱ्याच्या समोर, लगोरीच्या मागे तिघे, दोन्ही बाजूंना दोघे-दोघे आणि उरलेला हद्दीजवळ. नवख्या गटात सगळेच लगोरीभोवती गर्दी करतात, चेंडू दूर जातो, आणि तो आणायला सगळेच पळतात. मग रचणाऱ्यांना फुकट गुण मिळतो. चेंडू आणायला जवळचा एकच गडी जाईल आणि बाकीचे रांगेत अंतर ठेवून उभे राहतील, असे ठरवले तर दोनच फेकींत चेंडू परत वर्तुळाजवळ येतो.

रचणाऱ्या गटाची नेहमीची चूक याच्या उलट आहे. लगोरी फुटली की सगळे ठिकऱ्यांकडे झेपावतात आणि एकमेकांच्या हातातून त्या पाडतात. वर्तुळात एका वेळी दोघांनीच जावे, एकाने ठिकऱ्या आकारमानाने ओळीत लावाव्यात आणि दुसऱ्याने रचाव्यात. बाकीच्यांनी टिपणाऱ्यांच्या नजरेसमोर राहून त्यांचे लक्ष ओढावे. हुलकावणी देणे हेही काम आहे, हे मुलांना सांगावे लागते. मोठी ठिकरी शोधण्याआधी हाताला येईल ती ठेवली तर चौथ्या-पाचव्या ठिकरीला सगळे ढासळते.

प्रत्येक डावानंतर दोन्ही गटांनी रचण्याचे आणि टिपण्याचे काम आपसांत बदलावे, आणि फेकायला दर वेळी वेगळा गडी यावा. फेकण्याचा क्रम पंचाने कागदावर लिहून ठेवावा, नाहीतर नेमबाज मुलेच पुन्हा पुन्हा पुढे येतात. एक पूर्ण डाव तीन ते पाच मिनिटांचा होतो, म्हणजे बाद झालेल्या मुलाला फार वेळ बसावे लागत नाही. तरीही बाद झालेल्यांनी वेळ मोजणे, हद्दीबाहेर गेलेला चेंडू पंचाकडे आणून देणे अशी कामे करावीत.

दर चार डावांनंतर, म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, पाण्यासाठी थांबावे. तहान लागली की थांबू असे म्हटले तर मुले थांबत नाहीत. साधे पाणी पुरेसे आहे. उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत द्यावे.

सावधान : एखादा गट सलग तीन डाव हरला तर पंचाने खेळ थांबवून एक जोडी अदलाबदल करावी. एकतर्फी खेळात हरणारी मुले रडीला येतात आणि जिंकणारी मुले निष्काळजी होतात, आणि दोन्हींत दुखापत होते.

टप्पा ८ : लागले तर

खरचटल्यास वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी आणि स्वच्छ पट्टी लावावी. जखमेवर माती, चुना किंवा टूथपेस्ट लावू नये. गंजलेल्या वस्तूने कापले असेल किंवा धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले ते आठवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पाय मुरगळला तर तो चोळू नये, ओढून ‘बसवू’ नये. बूट काढून, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि पाय उंचावर ठेवावा. पाय टेकवतच नसेल तर तपासून घ्यावे. डोळ्याला चेंडू लागल्यानंतर अंधुक दिसणे किंवा डोळा उघडता न येणे, आणि डोक्याला लागल्यानंतर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर खेळ तेथेच थांबवून मुलाला रुग्णालयात न्यावे. ‘जरा पडून राहा, बरे वाटेल’ असे म्हणून थांबू नये.

टप्पा ९ : आवरणे

प्रकाश कमी होण्याआधी, आणि मुले ‘अजून एक’ म्हणत असतानाच शेवटचा डाव जाहीर करावा. शेवटच्या वीस मिनिटांत सगळे दमलेले असतात, पाय जड होतात आणि नेम वर जाऊ लागतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात याच वेळी झाले आहेत.

सात ठिकऱ्या मोजून कापडी पिशवीत भराव्यात. कोणाची कड चिरली असेल तर तेव्हाच बाजूला काढावी, पुढच्या वेळी ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. प्लायवूडच्या ठिकऱ्या ओल्या झाल्या असतील तर पुसून सावलीत वाळवाव्यात, नाहीतर त्यांचे थर सुटतात आणि त्या नीट बसत नाहीत. ज्या नियमांवर त्या दिवशी एकमत झाले ते एका जाड कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवावेत. पुढच्या सुट्टीत पिशवी उघडली की आधी तो कागद निघाला पाहिजे आणि मग चेंडू.